एक्केचाळीस नंबरची वही

फुलीमास्तरांना सगळे मास्तर म्हणत खरे, पण त्यांनी उभ्या आयुष्यात एकाही वर्गावर शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंतींशी भांडायचं किती, म्हणून संध्याकाळच्या एका इंग्रजी क्लासात वह्या तपासायला लागले. क्लास एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होता. पुढच्या खोलीत क्लासच्या बाई शिकवायच्या आणि मागे, प्लायवूडच्या आडोशाला, एक टेबल नि एक खुर्ची कशीबशी मावेल एवढ्या जागेत मास्तर बसायचे. शिकायला येणाऱ्यांनी त्यांचं तोंड क्वचितच पाहिलं असेल. त्यांना माहीत होती ती मास्तरांची फुली. लाल शाईची, करकचून मारलेली, मागच्या दोन पानांवर उमटणारी. एवढ्या जोरानं फुली मारायची तर माणसाच्या पोटात काहीतरी खदखदत असावं लागतं, आणि मास्तरांच्या पोटात ते आयुष्यभर पुरेल एवढं होतं.

शिकायला यायचे ते नर्सा, ड्रायव्हर, हॉटेलांच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुली, गोदामांतले कारकून. दिवसभर राबून, घामेजलेल्या कपड्यांनी येऊन बसायची बिचारी माणसं. मास्तरांना त्यांची कणभर दया येत नसे. त्यांच्या मते ही सगळी मंडळी एकाच कारणासाठी जन्माला आली होती, ते म्हणजे त्यांचं डोकं फिरवायला. लूझ म्हणजे हरवणं आणि लूस म्हणजे सैल, हे बाई घसा फोडून सांगायच्या. तरी दर आठवड्याला कुणीतरी घराची किल्ली सैल करून यायचं आणि कुणाच्या तरी यंत्राचा स्क्रू हरवलेला असायचा. पेन मागताना बॉरो म्हणायचं की लेंड, हा घोळ तर जन्मोजन्मीचा. 'मला उद्या आठवण कर' असं सांगायचं असेल तर रिमाइंड हा शब्द आहे, पण 'रिमेंबर मी टुमॉरो' असं एखाद्यानं लिहिलं की मास्तर आडोशामागून पुटपुटायचे, "उद्या कशाला? आत्ताच काढतो तुझी आठवण, आईबापांसकट." आणि खर्रकन फुली.

पण एक होतं. मास्तर खोटी फुली मारत नसत. कुणावर कितीही राग असो, वाक्य बरोबर असेल तर त्याच्या केसाला धक्का लागत नसे. शंका आली तर ती वही घरी आणून तीन-तीन डिक्शनऱ्या उघडून बसायचे, आणि वाक्य बरोबर निघालं की चरफडत पुढचं वाचायचे. बाईंनी तर क्लासच्या माहितीपत्रकातच छापलं होतं की आमच्याकडची तपासणी गावात सगळ्यांत कडक आहे. मास्तरांना आयुष्यात मिळालेलं कौतुक म्हणाल तर एवढंच. ते पत्रक त्यांनी चौघडी करून पाकिटात ठेवलं होतं, आणि हे कुणाला कळलं असतं तर ते लाजून मेले असते.

क्लासचे नियम साधे होते. वहीवर नाव घालायचं नाही, फक्त नंबर घालायचा, म्हणजे तपासणाऱ्याला कुणाचा कळवळा नको आणि कुणाशी वैरही नको. नातेवाइकाची वही आहे असं लक्षात आलं तर ती बाईंना परत द्यायची. ज्या वाक्यावर फुली पडेल ते मास्तरांनी लाल शाईत दुरुस्त करून द्यायचं, आणि शिकणाऱ्यानं ते पंचवीस वेळा लिहून काढायचं. शेवटच्या परीक्षेच्या वहीत दहापेक्षा जास्त फुल्या आल्या तर दाखला नाही.

घरी माणसं तीन. मास्तर, त्यांची लेक आणि जावई. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. लेकीला मास्तरांनी लहानपणापासून स्वतः इंग्रजी शिकवलं होतं, अगदी छापखान्यातून दमून आल्यावरसुद्धा, आणि ती कॉलेजात शिकवणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. लेक चष्म्याच्या दुकानात लागली आणि दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या मेकॅनिकशी तिनं लग्न केलं. ती लिफ्ट त्या वर्षी महिन्यातून चारदा बिघडायची. तो ती मुद्दाम बिघडवत होता याबद्दल मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

लग्नानंतर भाड्याची खोली सोडावी लागली म्हणून दोघं महिनाभरासाठी मास्तरांकडे राहायला आली, त्या महिन्याला सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत मास्तर जावयाशी एक शब्दही सरळ बोलले नव्हते. जे बोलायचं ते लेकीच्या मार्फत.

"त्याला सांग, नळ नीट बंद करत जा म्हणावं." जावई तेव्हा नळापाशीच उभा असायचा.

"मामांना सांग, वायसर गेलाय. मी काय नळाला मिठी मारून बसू?"

"बसला तरी चालेल म्हणावं. तेवढाच डोळ्यांआड होईल."

"मी काय टेलिफोन आहे का?" लेक ओरडायची, आणि मग तिघंही आपापल्या ताटात बघून जेवायची.

एकदा मास्तर त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये चाळीस मिनिटं अडकले. जावयाला फोन गेला, तो काम टाकून धावत आला, वरून दार उघडलं, हात देऊन त्यांना वर ओढलं. मास्तरांनी शर्ट झटकला, बाहीवरचा काळा डाग पाहिला आणि लेकीकडे वळून म्हणाले, "त्याला सांग, हात पुसून मग माणसाला धरावं." जावयाचे कान लाल झाले. तोही काही गरीब गाय नव्हता. बायकोला तो ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुझ्या बापाला माणसंसुद्धा छापून आलेली हवीत, म्हणजे बसल्या जागी फुली मारता येते." आणि जाताना त्यानं हत्यारांची पेटी मुद्दाम आदळली.

असं हे घर होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं एकत्र राहतात तरी कशाला. पण सकाळी लेक चहाचा कप टेबलावर ठेवायची, संध्याकाळी दाराशी तिच्या चपलांचा आवाज यायचा, आणि मास्तरांचा दिवस या दोन आवाजांच्या मध्ये टांगलेला होता. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते की घर त्यांचं आहे आणि त्यांना कुणाची गरज नाही.

नव्या तुकडीतली एक्केचाळीस नंबरची वही पहिल्या दिवसापासून मास्तरांच्या डोक्यात जायला लागली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात काळपट अंगठा. चुका तर अशा की शोधायला नकोत, त्याच अंगावर येत. मास्तर त्या वहीवर तुटून पडायचे. मात्र एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली, आणि ती त्यांना आवडली नाही. हा नंबर तीच चूक पुन्हा करत नसे. बाकीचे पंचवीस वेळा लिहायचे म्हणजे हात चालवायचे. हा लिहायचा आणि शिकायचा.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी विषय दिला, माझं घर. एक्केचाळीस नंबरनं लिहिलं होतं, 'माय फादर-इन-लॉ हॅज नॉट स्पोक टू मी सिन्स सेव्हन इयर्स.' मास्तरांचा पेन आधी चालला. स्पोकचं स्पोकन केलं. सिन्सवर फुली मारून वर फॉर लिहिलं, कारण कधीपासून ते सांगायला सिन्स आणि किती काळ ते सांगायला फॉर, हे दगडालाही कळावं. आणि मग त्या वाक्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरला. माझे सासरे सात वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांनी पानाच्या कोपऱ्यातल्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

वही त्याच क्षणी बाईंकडे द्यायला हवी होती. मास्तरांनी ती दिली नाही. का, तर त्यांना मजा वाटली. सात वर्षं घरात ज्याच्या तोंडाला तोंड द्यायला मिळालं नव्हतं, त्याच्यावर आता आठवड्यातून दोनदा मनसोक्त फुल्या मारता येत होत्या, त्याही सगळ्या खऱ्या. घरी जेवताना ते जावयाच्या वाकलेल्या मानेकडे पाहायचे आणि मनात म्हणायचे, काल तुझ्या एकोणीस. जावईही काही बोलला नाही. वह्या कोण तपासतं हे त्याला पक्कं माहीत होतं, पण मास्तर फक्त चुका बघतात, अर्थ वाचतच नाहीत, अशी त्याची खात्री होती. तो कामावरून उशीर होतो म्हणून सांगायचा आणि मास्तरांच्या पाठीमागे, प्लायवूडच्या पलीकडे येऊन बसायचा.

पाचव्या महिन्यात फुल्या दहावर आल्या, सहाव्यात सातवर. मास्तरांची मजा कमी होत गेली. आणि सातव्या महिन्यात विषय आला, मला इंग्रजी का शिकायचं आहे. एक्केचाळीस नंबरनं दोन पानं भरून लिहिलं होतं. एका परदेशी लिफ्ट कंपनीनं त्याचं काम पाहून त्याला निवडलं होतं. तिथे रोज इंग्रजीत अहवाल लिहावा लागतो म्हणून या क्लासचा दाखला हवा, आणि यादी दोन महिन्यांनी बंद होणार. बायकोचीही कागदपत्रं तयार आहेत. तिकडे राहायला दोन खोल्या मिळतात. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण ते ओरडतील, आणि बायको रडेल, आणि मग कदाचित जाणंच होणार नाही.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयामुळे नव्हे, त्याच्याकडून त्यांनी कधी काही अपेक्षा धरलीच नव्हती. लेकीनं सांगितलं नव्हतं. रोज चहाचा कप समोर ठेवते, औषध घेतलं का म्हणून विचारते, आणि पलीकडे कागदपत्रं तयार! त्या रात्री जेवताना त्यांनी तिला दोनदा विचारलं, "बाकी काय विशेष?" दोन्ही वेळा ती म्हणाली, "काही नाही बाबा." खरं म्हणजे मास्तर संतापले नव्हते, घाबरले होते. पण घाबरायची त्यांना सवय नव्हती, संतापायची होती, म्हणून ते संतापले.

परीक्षेची वही आली. दोन पत्रं आणि एका बिघडलेल्या लिफ्टचा अहवाल. मास्तरांनी ती वही सगळ्यांत शेवटी घेतली. पहिल्यांदा सरळ वाचली. चार चुका. पुन्हा, शब्द न् शब्द चावून वाचली. चारच. असा अहवाल छापखान्यात त्यांच्याकडे आला असता तर त्यांनी चार खुणा करून तसाच मशीनवर पाठवला असता. पुढच्या खोलीत बाई फळा पुसत होत्या. मास्तरांनी पेन उचलला.

लिफ्ट दोन दिवस बंद आहे, या वाक्यात त्यानं फॉर लिहिलं होतं. मास्तरांनी त्यावर फुली मारली आणि वर लिहिलं, सिन्स. वॉचमनला आठवण करा, यातलं रिमाइंड खोडून रिमेंबर केलं. आम्हाला तुमची शिडी उसनी द्या, यातल्या लेंडचं बॉरो केलं. किल्ली हरवू नका, तिथे लूझचं लूस. धूळ मोटरवर परिणाम करते, तिथे अफेक्टचं इफेक्ट. ज्या ज्या ठिकाणी आठ महिने चुकून चुकून तो बरोबर लिहायला शिकला होता, नेमक्या त्याच जागा त्यांनी धरल्या. नऊ खोट्या, चार खऱ्या. तेरा. वही मिटताना त्यांच्या लक्षात आलं की त्या नऊ फुल्या मागच्या पानावर उमटल्या नव्हत्या. पेनाचं टोक झिजलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

बाई तपासलेली वही कधी पुन्हा तपासत नसत. मास्तरांवर त्यांचा तेवढा विश्वास होता. एक्केचाळीस नंबर नापास झाला, आणि त्याला तीन आठवड्यांनी, यादी बंद व्हायच्या आत, एक शेवटची संधी दिली गेली.

त्या रविवारी दुपारी जावई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत होता. एक वाक्य पंचवीस वेळा, मग पुढचं. लेक बाजूला बसून मोजत होती. क्लासाचं आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते तिनं बापाला सांगून टाकलं होतं, परदेशी जायचं मात्र नाही. मास्तर पलीकडच्या खोलीत पेपर धरून बसले होते. पेपर सकाळचा होता आणि तो त्यांनी दोनदा वाचून संपवला होता.

"अरे, हे चुकतंय," लेक म्हणाली. "दोन दिवस म्हणायचं असेल तर फॉरच असतं. मला पक्कं आठवतंय."

"तुला शाळा सोडून किती वर्षं झाली?" जावई मान वर न करता म्हणाला. "इथे लाल शाईत लिहिलंय. बघ."

"पण आधी तू फॉर लिहायचास, तेव्हा फुली नव्हती पडत."

"तेव्हा नजरेतून सुटलं असेल. हे बघ, तुझा बाप मला पाण्यात पाहतो. माणूस म्हणून एक नंबरचा खडूस आहे. पण फुली खोटी मारणार नाही. अख्ख्या गावात एवढी एकच गोष्ट मला ठाऊक आहे, म्हणून तर याच क्लासात नाव घातलं. दुसरीकडे पैसे घेतात नि सगळ्याला छान छान म्हणतात. मला पुढे जाऊन तोंडावर पडायचं नाहीये."

मास्तरांनी पेपर आणखी वर धरला. लेकीचं समाधान झालं नसावं, कारण तिनं तिथूनच हाक मारली. "बाबा, दोन दिवस बंद आहे असं म्हणायचं असेल तर फॉर ना?"

जावयाचा पेन थांबला. एक शब्द बोलायचा होता, फक्त हो. "वहीत काय लिहिलंय?" मास्तरांनी विचारलं.

"सिन्स."

"मग झालं तर."

पेन पुन्हा चालू लागला. मास्तर पेपरातल्या एका जाहिरातीकडे बघत राहिले. त्यांना स्वतःची शिसारी आली, पण उठून जाऊन सांगावं एवढी काही आली नाही. तिकडे दोन खोल्या मिळतात, हे वाक्य त्यांना पाठ झालं होतं.

तीन आठवड्यांनी फेरपरीक्षेची वही, नियमाप्रमाणे पहिल्या वहीसकट, त्यांच्या टेबलावर आली. काळा अंगठा नव्हता. हात घासून धुऊन आला असावा. अक्षरही सुधारलेलं. पहिल्याच ओळीत सिन्स. मग रिमेंबर. मग बॉरो. त्यानं मास्तरांच्या नऊच्या नऊ दुरुस्त्या वापरल्या होत्या, आणि त्याही मुद्दाम, जिथे गरज नव्हती तिथेसुद्धा, की बघा, मी शिकलो. एके ठिकाणी आधी बरोबर शब्द लिहिला होता आणि मग तो व्यवस्थित खोडून वर मास्तरांचा लिहिला होता. मास्तरांनी मोजलं. चौदा चुका. त्यातली त्याची स्वतःची फक्त एक.

आता लबाडी करायची गरजच उरली नव्हती. सगळ्या फुल्या खऱ्या होत्या. उद्या कुणी जाब विचारला असता तर त्यांनी तिन्ही डिक्शनऱ्या उघडून पुढ्यात ठेवल्या असत्या. लेक घरात राहिली असती, चहाचा कप राहिला असता. मास्तरांनी पहिली फुली मारली. दुसरी मारली. तिसरीला त्यांची नजर त्या खोडलेल्या शब्दावर गेली, आणि पेन खाली ठेवून ते तोंडावर हात घेऊन बसले. छापखान्यात एकतीस वर्षांत त्यांना कधी एवढी लाज वाटली नव्हती.

वर्ग सुटल्यावर ते आडोशामागून बाहेर आले आणि दोन्ही वह्या बाईंच्या पुढ्यात ठेवल्या. "ही माझ्या जावयाची वही आहे. पहिल्या वहीतल्या तेरा फुल्यांतल्या नऊ खोट्या आहेत. मी मारल्या."

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी पहिली वही उघडली, चष्मा चढवला, आणि एकेक फुली वाचत गेल्या. त्यांचा चेहरा बदलत गेला. "जावयाची वही आठ महिने तुमच्याकडे येत होती?"

"सहा. तिसऱ्या महिन्यात कळलं."

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात? तुमच्या नावावर मी क्लास चालवते मास्तर. लोक मला विचारतात, एवढी फी कशाची घेता, तर मी म्हणते, आमचे मास्तर बघा. आणि तुम्ही इथे, माझ्या पाठीमागे बसून, एका माणसाच्या पोटावर पाय आणत होतात?"

"हो," मास्तर म्हणाले.

बाईंनी पहिल्या वहीवर स्वतःच्या हातानं 'फुल्या चार' असं लिहिलं आणि दाखल्यावर सही केली. मग टेबलावरचे लाल पेन गोळा केले, सगळे, टोपण नसलेलासुद्धा. "उद्यापासून येऊ नका. हा दाखला तुम्ही द्यायचा आणि काय केलंत तेही तुम्हीच सांगायचं. आज. मी सांगणार नाही. आणि उद्या तो विचारायला आला तर माझ्या तोंडून जे निघेल ते तुम्हाला परवडणार नाही."

मास्तर घरी पोचले तेव्हा दोघं नुकती कामावरून आली होती. मास्तरांनी दाखला टेबलावर ठेवला आणि सात वर्षांत पहिल्यांदा जावयाकडे बघून बोलले. "हा तुमचा. तुम्ही पहिल्याच वेळी पास झाला होतात. मी खोट्या फुल्या मारल्या. लिहून दिलं ते चुकीचं लिहून दिलं. तुम्ही दोघं जाणार आहात हे मी वहीत वाचलं होतं."

लेकीनं दाखल्याकडे पाहिलंही नाही. ती बापाकडे बघत होती. "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, बाबा. हाक मारून विचारलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही मला सांगितलंत, मग झालं तर."

मास्तरांना वाटलं, जावई ओरडेल. आदळआपट करेल, बापाचा उद्धार करेल. ते त्यासाठी तयार होते. तेवढं त्यांना झेपलं असतं. पण जावई आत गेला, पलंगाखालून आठ महिन्यांच्या सगळ्या वह्या काढून आणल्या आणि मास्तरांसमोर टाकल्या. अकरा वह्या होत्या. वापरून वापरून फुगलेल्या, लाल शाईनं भरलेल्या, प्रत्येक फुलीखाली पंचवीस ओळी.

"यातल्या खऱ्या कुठल्या?" त्यानं विचारलं.

"या सगळ्या खऱ्या. फक्त त्या एका वहीत मी..."

"कशावरून?"

मास्तरांनी घाईघाईनं वरची वही ओढून एक पान उघडलं. "हे बघा. बिसाइड म्हणजे शेजारी, आणि बिसाइड्स म्हणजे शिवाय. तुम्ही उलटं लिहिलं होतंत, मी दुरुस्त केलं. हे खरं आहे. आणि हे, फ्यूअर मोजता येतं त्याला, लेस मोजता येत नाही त्याला. हेही खरं. कुठल्याही डिक्शनरीत बघा. मी दाखवतो, बसा, सगळ्या वह्या दाखवतो." त्यांचा आवाज चढत होता, विनवणीला येत होता, आणि तो विनवणीचा आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येत नव्हता.

जावई उभाच राहिला. दोन रात्री जागून पाठ केलेल्या त्या पानाकडे त्यानं पाहिलं आणि मग बायकोकडे वळला. "हे खरं सांगतायत का ग?"

लेकीनं वही हातात घेतली. ते पान तिनं वाचलं, पुन्हा वाचलं. तिचे ओठ हलत होते, लहानपणी शब्द पाठ करताना हलायचे तसे. मग तिनं वही मिटली.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "मला जेवढं येतं तेवढं सगळं यांनीच शिकवलंय."

जावयानं अकरा वह्या एकावर एक रचल्या आणि सुतळीनं बांधल्या. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी दोघं तो गठ्ठा घेऊन बाईंकडे गेली, पहिल्या पानापासून सगळं पुन्हा तपासून घ्यायला.